मोहिनीच्या लग्नाची सीडी

रखमाजी मामा टीव्हीसमोर सरकून बसले, तेव्हा परमेश्वर उगाच कपाटातल्या कॅसेटी खालीवर करू लागला.

कॅसेटही चालते, सीडीही चालते आणि कॅसेटीवरचं सीडीवर उतरतंही, असं एकाच डब्यातलं मशीन साऱ्या कुरुंद्यात त्याच्याकडंच होतं. त्याचा कोण तोरा! भावकीतल्या लग्नांच्या जुन्या कॅसेटी तो हौसेनं सीडीवर उतरवून देई. मामांनी मात्र भाचीच्या, मोहिनीच्या लग्नाची सीडी मागितली, की कधी कॅसेटीला बुरशी यायची, कधी मशीन तापायचं. शेवटी आज मामा मेंढरं लेकाच्या हवाली करून स्वतःच आले.

"काहून टाळून राहिला रं?" आई, नर्मदाबाई म्हणाली. "माझा भाऊ हाय त्यो. तुझ्या बहिणीच्या पाठीशी अक्षताला उभा व्हता. दाव त्याला."

कॅसेट लावावीच लागली. रोज या वेळेला हमखास जाणारी लाइट आज काही जाईना.

हळद झाली, वरात आली. मामा एकेकाला ओळखून हसत होते. अंतरपाट धरला गेला तसा त्यांनी डोईचा पटका नीट केला. "आता मी येतो बघ," ते म्हणाले.

पडद्यावर नवरीच्या मागं मामांच्या घोंगडीचं एक टोक दिसलं. लगेच नवं घड्याळ बांधलेला एक हात आला आणि त्यानं ती घोंगडी बाजूला सारली. तिथं जरीच्या फेट्यातले अमृतराव येऊन उभे राहिले. गावातले बडे बागायतदार, नात्याचे ना गोत्याचे. मंगलाष्टकं सुरू झाली.

हात परमेश्वरचा होता. "मामा, तुमचं आलं शूटिंगमधी, आता जरा बाजूला व्हा," असं तो तेव्हा त्यांच्या कानात बोलला होता. पाव्हण्यांसमोर, कॅमेऱ्यापुढं घोंगडी नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भाचा सांगतो म्हणजे खरंच असेल, असं मामांनी धरलं.

परमेश्वरनं तो हात मांडीखाली घेतला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटची अक्षता पडेपर्यंत मामा मान उंच करून बघत राहिले. नर्मदाबाईनं लेकाकडं एकदा पाहिलं आणि चहाचं निमित्त करून ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"मशीन चांगलं हाय," मामा म्हणाले. "बराबर दिसतंय समदं."

माफी मागायची होती, पण "मामा, ती सीडी..." एवढंच परमेश्वरच्या तोंडून निघालं.

"दे की. पोरगी लई ग्वाड दिसून राहिली." मामांनी आतल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पर लेकरा, तेवढा अक्षताचा टाइम वगळून भरता येतं का? घरी म्या सगळ्यायला सांगून ठेवलंय, मागं मी उभा हाय म्हणून."