ओपन स्पेसमधली बाई

ट्रॅक्टर ओपन स्पेसमध्ये शिरला तेव्हा अनुसयाबाई कडुनिंबाला पाणी घालत होती. ट्रॉलीत सिमेंटचे खांब होते, काटेरी तार होती आणि करवत घेऊन बसलेले दोन गडी. तिनं बादली रिकामी केली, झाडासमोर उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

ट्रॅक्टरवरच्या रूपरावनं ब्रेक दाबला. "बाई, उठा न जी. झाडं पाडाचे हाय."

"पाड न मंग. मी कुठं नाई म्हणून राह्यली? मले धरून पाड."

समोरच्या गच्चीवरून रीतानं हे पाहिलं आणि नवऱ्याला हाका मारत ती खाली धावली.

रीता आणि प्रफुलनं वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतला हा प्लॉट २००३ साली घेतला, तो या झाडांकडं पाहूनच. नागपूरचा धूर नको, गोंगाट नको, पण नागपूर हाताशी हवं, अशी माणसं या लेआउटमध्ये येऊन राहिली होती. लेआउटवाल्या चंद्रभाननं आपल्या वर्ध्यातल्या ऑफिसात बसून सगळ्यांना तेच ऐकवलं होतं: मधोमध बगीचा, अन् सकाळी गाडीत बसलं का नागपूर! कडुनिंब, चिंच, जांभूळ तर आयतीच उभी होती. बगीच्याचं बाकी काही आलं नाही. आली ती अनुसयाबाई. रोज सकाळी, जुन्या गावाकडच्या पायवाटेनं, हातात बादली घेऊन. जुन्या गावात या लोकांचं येणं-जाणं नव्हतं, त्यामुळं ती कोण, कुठली, हे कुणी विचारलंही नाही.

"या वावरात उभी हयात गेली माही," ती एकदा रीताला म्हणाली होती. "हे झाडं म्या लावले. लेकरावाणी वाढवले."

रीताला भरून आलं होतं. तिनं लगेच घरातून एक जुनी, पण बऱ्यापैकी साडी आणून दिली. अनुसयाबाईनं ती उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. "राहू द्या, बाई. तुमाले लागन."

आता सगळा लेआउट गोळा झाला. पाठोपाठ जीपमधून चंद्रभान उतरला. पांढरा झब्बा, पिकलेल्या मिशा, डोळ्यांवर गॉगल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा.

प्रफुल पुढं झाला. "चंद्रभानजी, ही जागा बगीच्याची आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगतलं असन. जमीन माही हाय. अजून चार प्लॉट पडते इथं." चंद्रभाननं खर्रा दुसऱ्या गालात सरकवला. "तुमच्या घराचा कागद अजून माह्याचपाशी अडकून हाय न, प्रफुलभाऊ?"

प्रफुल दोन पावलं मागं सरकला. कागद बहुतेकांचेच अडकले होते. मग एकाला तापत ठेवलेलं दूध आठवलं, एकाला गाडीची वेळ. हिरवळ सगळ्यांना हवीच होती, फक्त ती दुसऱ्या कुणीतरी वाचवायला हवी होती.

अनुसयाबाई जागची हलली नाही. चंद्रभानकडं तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"रूपराव, त्याइले सांग, पह्यली करवत माह्यावर चालवा म्हणा."

चंद्रभान चार पावलांवर उभा होता. तरी रूपराव त्याच्याकडं वळला. "मालक, बाई म्हणते..."

"आयकलं. तिले सांग, ऊन चढून राह्यलं. आपल्या तब्बेतीचं पाह्य म्हणा."

"धमकी देतोय," प्रफुल कुजबुजला.

रीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या, गरीब बाईला धमकी! ती तरातरा गेली आणि अनुसयाबाईशेजारी मातीत बसली.

"रीता, अगं, आपला कागद!"

"खड्ड्यात गेला कागद!"

ते ऐकून शेजारची मयुरी येऊन बसली. मग आणखी दोघीतिघी. पुरुष लांबून पाहत राहिले. "पोलिसांना बोलवा की," त्यातला एक शहाणा चंद्रभानला म्हणाला. चंद्रभाननं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं घरात गेला.

रूपराव बिचारा दोन्हीकडचे निरोप वाहून घामाघूम झाला.

"त्याइले सांग, हे जांभूळ लावलं तवा हिरीले पाणी नव्हतं. डोक्यावर घागरी वाहून जगवलं म्या."

"तिले सांग, जमीन माह्या बापाची हाय."

"असन. झाडं माहे हाय म्हणा."

"लावा रे करवत!" चंद्रभान ओरडला.

दोघे गडी निघाले. बाईच्या समोर आले, करवत खाली ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. चंद्रभाननं पुन्हा आवाज दिला. ते हलले नाहीत.

ऊन डोक्यावर आलं. चंद्रभान जीपच्या सावलीत बसला, उठला, पुन्हा बसला. रीतानं अनुसयाबाईला पाणी दिलं, तेवढं तिनं घेतलं. मयुरीनं घरून पोळी-भाजी आणली, तिला मात्र तिनं हात लावला नाही.

शेवटी चंद्रभाननं खर्रा थुंकला. "रूपराव, पलटव ट्रॅक्टर. खांब गोदामात टाक. झाडाले हात नाई लावाचा कोणी."

बायांनी टाळ्या पिटल्या. पुरुषही आता धावत आले आणि आपणच जिंकल्यासारखे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. रीतानं अनुसयाबाईला मिठी मारली. तिला रडू आवरत नव्हतं. "मावशी, एवढ्या मोठ्या माणसाला हरवलं तुम्ही!"

जीपमध्ये चढता चढता चंद्रभान थांबला. त्यानं रूपरावला हाक मारली.

"अन् तिले इच्यार, आता तरी घरी येते का म्हणा. परवापासून चूल नाई पेटवली. सोता उपाशी, मलेबी उपाशी ठेवलं, अन् आपली सूनबी तिच्याच बाजूनं!"