ठाण्यातली तोंडी परीक्षा

परीक्षकांनी उरलेला अर्धा वडा प्रबंधावर ठेवला. तेल पुठ्ठ्यावर पसरलं.

नाखवा दारातून बघत होता. प्रबंध दुसऱ्याच कुणाचा तरी होता, तरी त्याने काखेतला प्रबंध घट्ट दाबला.

ठाण्यातल्या एका मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत, डॉक्टरेटची तोंडी परीक्षा चालली होती. व्यवसाय व्यवस्थापनाची डॉक्टरेट, तीही पोस्टाने. धडे पोस्टाने यायचे, उत्तरं पोस्टाने जायची. संस्थेने आजवर कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा आणि शेवटचं पाहायचं होतं. आज जो हजर नसेल त्याची नोंदणी रद्द, असं कळवलेलं होतं.

नाखवाच्या शेजारी तानाजी बसला होता. डोंबिवलीत त्याचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. अंगात सफारी, मांडीवर कोरा करकरीत प्रबंध.

"काय हो नाखवा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलंय? हसा जरा. दुपारपर्यंत डॉक्टर होणार आपण."

"तुमचा विषय काय?" नाखवाने विचारलं.

तानाजीने मांडीवरचं बाड फिरवून नाव वाचलं. "कामगार-प्रेरणा. कल्याणला एक टायपिस्ट आहे. तोच लिहितो, तोच बांधून देतो. मी फक्त म्हटलं, जाड कर रे बाबा, पातळ दिसायला नको."

"तुम्ही वाचला नाहीत?"

"मी वाचत बसलो तर बादल्या कोण काढणार?"

नाखवाने तोंड फिरवलं. ह्या प्रबंधापायी त्याच्या घरात कित्येक वर्षं रेडिओ लागला नव्हता. चेंदणीच्या त्या दोन खोल्यांत जेवायला बसायचं तर आधी कागद उचलावे लागायचे. बाजार उठला की कोळणी ओट्यावर येऊन बसायच्या, धंद्याचं सगळं सांगायच्या, चहा पिऊन जायच्या. मग चैत्रात नाखवाची बायको काविळीने गेली. हॉस्पिटलात तिने एकच गोष्ट मागितली होती. एवढं झालंय, आता अर्धवट सोडायचं नाही. डॉक्टरेट घरात आली पाहिजे. तो हो म्हणाला होता. म्हणून आज आला होता, नाहीतर ह्या उकिरड्यात त्याने पाय ठेवला नसता.

"एन. के. नाखवा!" संस्थेचा कारकून मारुती ओरडला.

आत तीन परीक्षक होते. मधले अध्यक्ष रुमालाने बोटं पुसत होते.

"बसा, मिस्टर नाखवा. विषय?"

"ठाण्याच्या खाडीवरचा मासळीचा धंदा. माल घेण्यापासून उरलेला सुकवण्यापर्यंत."

"वा! प्रबंधाला वास येत नाही ना?"

तिघे हसले. नाखवा हसला नाही.

"पण कोळणी तुमच्याशी बोलल्या?" डावीकडच्याने विचारलं. "आमच्याशी तर भावावरून भांडतात फक्त."

"आमच्या ओट्यावर बसून बोलल्या. सगळ्या आमच्याच आत्या-मावश्या."

उजवीकडच्याने प्रबंध मधेच कुठेतरी उघडला. "संध्याकाळी उरलेली मासळी स्वस्तात का काढत नाहीत त्या?"

"भाव पाडला की गिऱ्हाईक उद्या सकाळी येतच नाही. संध्याकाळची वाट बघत बसतं. त्यापेक्षा सुकवलेली बरी, असं आमची जनाबाई म्हणते."

"कितव्या पानावर आहे हे?"

"पान नाही सांगता येणार."

"स्वतःच्या प्रबंधातलं पान सांगता येत नाही?"

नाखवाच्या कानशिलावरून घाम उतरला. एवढ्यावर नापास केलं तर घरी जाऊन फोटोसमोर काय सांगायचं?

"बायको गेली माझी, चैत्रात," तो म्हणाला. "तेव्हापासून उघडलेला नाही."

"अरेरे. कशाने?" अध्यक्षांनी विचारलं.

"कावीळ."

"पाणी उकळून प्यायला हवं हो. लोक ऐकत नाहीत." अध्यक्षांनी ताटली पुढे सरकवली. "वडा घ्या, गार होतोय. झाली तुमची परीक्षा. पास."

नाखवा वडा न घेता बाहेर आला. अंगणात नळाखाली त्याने हात धुतले. हात कशालाही लागले नव्हते, तरी दोनदा धुतले.

मागोमाग तानाजीही पास झाला. जे आत गेले ते सगळेच पास झाले.

अध्यक्षांना पुण्याला लग्नाला जायचं होतं. त्यांनी व्हरांड्यातच प्रमाणपत्रांचा गठ्ठा मागवला आणि उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. मारुती मागून शिक्के मारत गेला. नावाच्या जागा कोऱ्याच होत्या. संस्थेची तशी पद्धतच होती. साहेबांना थांबायला वेळ नसायचा, नावं मारुती मागाहून टाकाने भरायचा. अक्षर चांगलं होतं त्याचं.

"डॉक्टर ठळक काढ रे," तानाजी त्याला म्हणाला. "बादलीवर छापणार आहे मी."

तो प्रमाणपत्र हलवत, शाई वाळवत निघून गेला. मारुतीने पुढचा कागद ओढला.

"नाखवा ना? आमच्याकडे नुसतं एन. के. आहे. पूर्ण नाव सांगा."

नाखवाने फाटकाकडे पाहिलं. अध्यक्षांची गाडी वळून रस्त्याला लागली होती. कागदावर सही होती, शिक्का होता.

"नीला कुंडलिक नाखवा."

मारुतीने पहिलं नाव लिहिलं आणि टाक थांबवला. त्याने मान वर केली.

"ह्यात तुम्ही कोण?"

"मधला."