रिकाम्या खोलीचा आवाज

"बाबा, खाकरून झालं असेल तर सुरू करू?" टकळीने माइक जेवणाच्या टेबलावर वडिलांपुढे सरकवला आणि स्वतःच्या कानांवर हेडफोन चढवले.

बाबा पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ बसले.

"आईबद्दल बोला. काहीही. आठवेल ते."

"तुझी आई चांगली होती," बाबा म्हणाले. जरा विचार करून पुढे म्हणाले, "स्वयंपाक उत्तम करायची. कधी कुणाची उणीदुणी काढली नाहीत."

"अजून?"

"अजून काय? सगळ्यांचं व्यवस्थित केलं तिने."

झालं. आईला जाऊन वर्ष होत आलं, तरी हा माणूस अजून शोकसभेतच बसलेला.

त्यांचा तरी काय दोष म्हणा. उभी हयात त्यांनी बस चालवली, तीही डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी घेऊन. निवृत्त झाले तेव्हा पाटी बसमध्येच राहिली, सवय तेवढी घरी आली. मुलगी मात्र कुणावर गेली देव जाणे. एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून घरात सगळे तिला टकळीच म्हणत. मोठी होऊन तिने पदवी घेतली, तीही संज्ञापनाची.

"म्हणजे बोलण्याचीच ना?" मावशीने विचारलं होतं. "ते तर तुला फुकटात येत होतं."

पदवी हातात आल्यावर कळलं, की बोलण्याला गिऱ्हाईक रग्गड आहे, पण आपल्याला जे बोलायचंय ते सोडून. तिच्या वर्गातली एक जण साबणाच्या जाहिराती लिहीत होती. दुसरी कुठल्याशा हॉटेलातल्या ताटांचे फोटो टाकून दिवसभर लोकांना भूक लावत होती. आणि वर्गात पहिला आलेला दिवटा फोनवर लोकांच्या शिव्या खाऊन 'आपली तक्रार नोंदवली आहे' म्हणत होता. टकळीला रेडिओवर जायचं होतं. माणसांना बोलतं करावं आणि ते कुणीतरी दूरच्या स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकावं, बस्स, एवढंच. त्या एवढ्याशासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

रेडिओवाल्यांनी नमुना मागितला होता. एका माणसाचं खरंखुरं बोलणं, तेही आजच्या आज. नाही जमलं तर सोमवारपासून मावशीच्या यजमानांच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं. "संवादाचीच पदवी आहे ना? मग साध की गिऱ्हाइकांशी संवाद," असं काका म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. पगारही बरा देणार होता. त्यामुळे नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

"बाबा, आई रागावली की काय करायची?"

"रागवायची नाही ती."

हे धडधडीत खोटं होतं. आईच्या रागाची वर्दी भांड्यांच्या आवाजावरून अख्ख्या बिल्डिंगला मिळायची. टकळीने सरळ विचारून पाहिलं, आडून विचारून पाहिलं. समोरच्याला बोलायचं नसेल तर आपण गप्प बसावं, असं वर्गात शिकवलं होतं, तेही करून पाहिलं. बाबा तिच्यापेक्षा जास्त गप्प बसले. शेवटी तिने हात टेकले. तिला सोमवार दिसायला लागला, फरशांच्या नमुन्यांसकट.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता मिनिटभर हलू नका, बोलू नका. खोलीचा आवाज घ्यायचाय."

"खोलीला कसला आलाय आवाज?"

"असतो. प्रत्येक खोलीचा वेगळा. बोलण्यात काटछाट केली की मधल्या फटींत तो भरावा लागतो, नाहीतर कानाला खटकतं."

खरं तर इथे फटीच फटी होत्या, बोलण्याचाच पत्ता नव्हता. पण अंगवळणी पडलेलं सुटत नाही. तिने यंत्र चालूच ठेवलं.

बोलू नका म्हटल्यावर बाबांची चुळबूळ सुरू झाली. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून खुणेनेच हेडफोन मागितले. बघू तरी, असा चेहरा. टकळीने ते काढून दिले.

बाबांनी ते कानांवर नीट बसवले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांना काय ऐकू येत असेल हे तिला ठाऊक होतं. फ्रिजची घरघर. न्हाणीतल्या नळाचा थेंब. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढलेली. मग परत फ्रिज. मिनिट केव्हाच उलटून गेलं, पण बाबा काही हेडफोन काढेनात.

"मी पहाटे जायचो तो रात्री..." ते म्हणाले आणि स्वतःचाच आवाज कानात ऐकून दचकले. मग अगदी हळू बोलले. "तू शाळेत. मग कॉलेजात." थांबले. "हिला दिवसभर एवढंच ऐकू यायचं?"

टकळीला हेच हवं होतं, आणि ते असं मिळायला नको होतं. आई दिवसभर त्या खोलीत एकटी असायची, हे तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे रेकॉर्ड झालंय. रेडिओला पाठवू?"

बाबांनी माइक स्वतःकडे जरा ओढून घेतला.

"पाठव," ते म्हणाले. "पण एवढ्यात बंद करू नकोस."

जिन्यात पावलं वाजली. बाबांनी दाराकडे मान वळवली आणि पावलं दारावरून वरच्या मजल्यावर निघून जाईपर्यंत ते तिकडेच पाहत राहिले.