रंग चढेस्तोवर

हैबतीनं पोहरा वर ओढला, आत डोकावला आणि मान खाली घातली. पाणी जांभळं. सकाळपासून शंभर-दीडशे पोहरे उपसून झाले, तरी जांभळंच.

वरच्या वाडीत पटकीची साथ लागली होती, म्हणून महाडच्या डॉक्टरांनी विहिरीत टाकायला लाल औषधाची पुडी दिली होती. पाणी गुलाबी झालं की हात आवरायचा, एवढं साधं सांगणं. पण हैबती पडला मुंबईच्या गिरणीतल्या रंगखात्यातला माणूस. फिकट रंगापायी सात वर्षं त्यानं मास्तरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. "असला रंग आमच्याकडं कुनी पास करीत नाय," असं चार बायांसमोर म्हणत त्यानं अख्खी पुडी आत झाडली. आता त्याच बाया रिकाम्या कळश्या रांगेला लावून बसल्या होत्या. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

वाडीला दुसरी विहीर नव्हती. ओढा होता, पण तो वरच्या वाडीतूनच यायचा. त्याचं पाणी तोंडाला लावू नका, अशी दवंडी पिटली होती.

"दे रे दोर. जरा टेक," शेजारचा येसाजी म्हणाला.

"नको. माजं मीच निस्तरतो."

तळहातांवरचे फोड फुटले, औषधानं बोटं तपकिरी झाली. ऊन कललं तेव्हा कुठं झऱ्याचं नवं पाणी साचलं आणि पोहऱ्यात फिकट गुलाबी दिसलं. आधी तो स्वतः ओंजळभर प्याला. मग रांगेतली पहिली कळशी भरली. ती ठकूबाईची होती. तिची नात आवडी तापानं फणफणली होती, म्हणून म्हातारी दुपारीच कळशी तिथंच ठेवून घरी गेली होती. हैबती कळशी खांद्यावर घेऊन तिच्याकडे निघाला.

आवडी शांत झोपली होती. उशाशी तांब्या होता, बाहेरून ओला.

"उशीर झाला काकी. पानी आनलंय."

"पोर पानी पानी करीत व्हती. वढ्यातलं तांब्याभर आनलं नि पाजलं."

"काकी, ते पानी..."

"दवंडी मी पन आयकली रे. पन तुज्या त्या जांभळ्या पान्यापरीस वढा वळखीचा."

हैबतीला तिच्याकडे बघवेना. म्हातारीचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

"किती सोललेस रे हात. बस. घोटभर पी," म्हणत तिनं उशाचा तोच अर्धा तांब्या पुढे केला.

हैबतीनं भरलेली कळशी खाली ठेवली. "पोर प्याली तेच मी पन पितो," म्हणत तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत थांबला नाही.