सहावी पाकळी

"मधला बिंदू म्हणजे आत्मा," बाई म्हणाल्या, "आणि या सहा पाकळ्या म्हणजे सहा दिशा."

पाथरवटाने जांभई दाबली. संग्रहालयाने त्याला शिळेचा तडा बुजवण्यासाठी बोलावलं होतं. अर्धा तास झाला तरी तिथल्या या बाईंचं पुराण संपत नव्हतं. वर्तुळात सहा पाकळ्यांचं फूल, म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीचं. ध्यानाला बसणारे त्याच्याकडे टक लावून बघायचे आणि त्यांना विश्वाचं कोडं सुटायचं. ज्यांनी जन्मात छिन्नी धरली नाही त्यांनी दगडावर प्रवचन झोडावं, याचा त्याला मनस्वी संताप यायचा.

पण निघताना बायकोने बजावलं होतं, "तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर. तडा बघा, मान हलवा आणि घरी या. तोंड उघडलंत तर घर बुडेल."

म्हणून तो मुकाट मान हलवत होता. दाराशी शिपाई स्टुलावर पेंगत होता. तो सुखी जीव, पाथरवटाला वाटलं.

"फक्त ही सहावी पाकळी बघा, जराशी आखूड आहे," बाई म्हणाल्या. "कारागीर शिकाऊ असणार. नाहीतर दारुडा. हात थरथरलाय."

पाथरवटाची कानशिलं तापली. "थरथरत्या हाताची रेघ अशी नसते, बाई. कड बघा किती साफ आहे."

"मला तर गबाळं काम वाटतं. पुस्तकात तसंच लिहिणार आहे मी. अडाणी हात."

"अडाणी?" त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्षं दगडावर झिजलाय हा हात! चूक हाताची नाही, कंपासची आहे. स्क्रू ढिला झालाय मेल्याचा, शेवटच्या पाकळीपर्यंत पाय सरकतो!"

त्याने पिशवीतून कंपास उपसला आणि बाईंच्या वहीवरच फूल काढलं. पाच पाकळ्या नेटक्या आल्या. सहावी आखूड.

"बघा! आता बोला, कोण अडाणी?"

बाईंनी वही शिळेशेजारी ठेवली आणि दाराकडे पाहिलं. शिपायाची पेंग कुठल्या कुठे पळाली होती. त्याने दाराला कडी घातली, खिशातून पोलिसांचं ओळखपत्र काढलं आणि पाथरवटाच्या हातातला कंपास अलगद काढून घेतला.

"सकाळपासून अकरा पाथरवट हेच ऐकून गेले," बाई म्हणाल्या. "दारुडा म्हटल्यावर सगळे हसले. चिडलात फक्त तुम्ही."