अकरा म्हणजे अकरा

दोन मांडववाले शेवटच्या रेषेवरची काळी रबरी मॅट गुंडाळत आले आणि काकांच्या बुटांपाशी थांबले.

"काका, पाय उचला जरा."

काकांनी पाय उचलला नाही. हातात बायकोचा स्वेटर, बगलेत थर्मास, कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. असा माणूस भांडायला उभा आहे हे लक्षात यायला वेळच लागतो. मांडववाल्यांना वाटलं, ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"ऐकू आलं," काका म्हणाले. "दहा पन्नास झालेत. शर्यत अकरापर्यंत आहे."

तसं पत्रकातच छापलं होतं. पाच किलोमीटर धावणे, वीस किलोमीटर सायकल, पुन्हा अडीच किलोमीटर धावणे, आणि शेवटची वेळ सकाळी अकरा. पण प्रमुख पाहुणे पदकं वाटून, फोटो काढून साडेदहालाच निघून गेले होते, आणि त्यांची गाडी वळली तशी सगळ्यांना आवराआवरीची घाई सुटली. हवेची कमान फुस्स करून रस्त्यावर बसली होती. मोठं घड्याळ खोक्यात गेलं होतं. राहिली होती ती ही मॅट. धावणाऱ्याच्या घोट्याला बांधलेली चिप तिच्यावरून गेली की बाजूचं यंत्र टिंग करतं आणि वेळ नोंदली जाते. मॅटच नसेल तर माणूस पोहोचला काय आणि न पोहोचला काय, सारखंच.

गेल्या वर्षी काकू अकराला सहा मिनिटं कमी असताना पोहोचल्या होत्या. रेषेवर चिटपाखरू नव्हतं. यादीत त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण' आलं. घरात तो शब्द वर्षभर चवीचवीनं वापरला गेला. भाजी कच्ची राहिली, अपूर्ण. शब्दकोडं सुटलं नाही, अपूर्ण. काकाही हसले होते. काकू हसल्या नव्हत्या, आणि यंदा पुन्हा नाव घालून आल्या होत्या.

संयोजक माईक बंद करत आला. अंगात नारिंगी जाकीट, तोंडावर सकाळपासून वापरून दमलेलं हसू.

"काका, आपलं कोण आहे?"

"मिसेस."

"मग काळजी कशाला? येतील की. पदक देऊ त्यांना, एक सोडून दोन देऊ. वेळ मी हातानं लिहून घेतो."

"गेल्या वर्षी पण हातानंच लिहिली होती," काका म्हणाले. "अपूर्ण म्हणून."

संयोजकाचं हसू जरा आक्रसलं. "अहो, टेम्पोवाला खोळंबलाय. रस्ता मोकळा करून द्यायचाय. आणि मागे कुणी राहिलेलं नाही असा निरोप आलाय."

"कुणाचा निरोप?"

संयोजकाने टेम्पोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "काका, तुम्ही काय करता?"

"निवृत्त आहे. दाखल्यांच्या खिडकीवर होतो, जन्ममृत्यूच्या."

"मग तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हाला तर माहीतच असणार. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतातच."

काकांना माहीत होतं. चांगलंच माहीत होतं. खिडकी पाचला बंद व्हायची आणि काका पावणेपाचला तिची फळी ओढायचे. मशीन बंद आहे, साहेब गेले, उद्या या. एकतीस वर्षं हेच सांगितलं होतं त्यांनी, तेही असंच हसून. बाहेर रांगेत कोण उभं आहे ते कधी वाकून पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा ते फळीच्या बाहेरच्या बाजूला होते आणि त्यांच्या डोक्यात तिडीक उठली होती. निम्मी या नारिंगी जाकिटावर. उरलेली निम्मी कुणावर, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर उभा आहे."

मांडववाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने गुंडाळी सोडून दिली आणि तिच्यावरच बसकण मारली.

तेवढ्यात वळणावर काकू दिसल्या. चालण्याहून थोडं जास्त, धावण्याहून बरंच कमी, अशा येत होत्या. नाक थंडीने लाल, एका बुटाची नाडी सुटलेली. आडवी पडलेली कमान पाहिली आणि त्यांचे पाय थबकले.

"अगं ये," काका ओरडले. चारचौघांत आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो फाटला. "मॅट आहे. इथून ये."

काकू आल्या. राहिलेल्या दोन हात मॅटवरून, काकांना जवळजवळ घासून गेल्या. टिंग. दहा छप्पन्न.

संयोजकाने टाळ्या वाजवल्या. "वा काकू, वा. झालं ना समाधान, काका? आता उतरा."

काका उतरले नाहीत.

"अहो, चला ना," काकू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या. "झालं की माझं. थंडी वाजतेय."

"मागे कुणी आहे?"

"आहेत एक जण. सायकलवरून पडले मघाशी, गुडघा सोलवटलाय. पण येतायत. पुलापाशी होते."

"मग अजून चार मिनिटं आहेत," काका म्हणाले आणि स्वेटर त्यांच्यापुढे धरला.

संयोजकाने कपाळाला हात लावला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या बुटांकडे. मग त्यांनी स्वेटर अंगात चढवला आणि त्याही मॅटवर काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

घोट्याची चिप सोडायची राहूनच गेली होती. यंत्र थांबेना. टिंग, टिंग, टिंग.