हिल्डाचं तांबडं लुगडं

"कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एकोणऐंशी साली आमच्या हिल्डाच्या तांबड्या लुगड्यानं साठ माणसं वाचवली." रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ओसरीवर मी रंगात आलो होतो. "धुक्यात पायलटनं नकाशातली वाट आणि उंची सोडायची नसते. पण वाऱ्यानं आमचं विमान समुद्रावरून ओढत वसईवर आणलं. को-पायलट फेबियननं उंची सांगितलीच नाही. तेवढ्यात धुकं फाटलं, खाली आमच्याच गच्चीवर बायकोचं लुगडं. ओळखलं आणि विमान वर खेचलं." फेबियन समोरच बसला होता. मीच विमान मुद्दाम वळवलं, हे त्याचं म्हणणं चौकशीत कुणी ऐकलं नव्हतं; लायसन्स गेल्यापासून तो केळी पिकवतो. त्याच्याकडे बघणं टाळलं. हिल्डा किटली घेऊन दारात थांबली. "वारा कुठला? फेबियन, आदल्या दिवशी यांनीच सांगितलं, लुगडं गच्चीवर टांग, आईला विमान दाखवतो. विमान आलं त्या दिवशी लुगडं दिवसभर हललंही नाही."